अठरा अंशांची पाकळी

भिवंडीचे यंत्रमाग, उल्हासनगरची जीन्सची शिलाई आणि डोंबिवलीत घरोघरी ब्लाउज, ड्रेस शिवणाऱ्या बायका यांच्यामुळे ठाणे-कल्याण पट्ट्यात कापडाच्या तुकड्यांची ददात कधी पडली नाही. या भागाचं आणि कापडाचं नातंही जुनं आहे. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ आणि शिसवी लाकडाबरोबर कापडाची नोंद केली. ठाण्यात १९२५ साली रेमंडची गिरणी उभी राहिली. गिरणीचं उत्पादन आता थांबलं आहे, पण शिंप्याच्या मशीनखाली कात्रणांचा ढीग रोज पडतोच. त्या ढिगातून घरच्या घरी जमणारी सर्वांत देखणी वस्तू कोणती, असं विचारलं तर 'ड्रेस्डेन प्लेट'ची गोधडी हे उत्तर द्यावं लागेल.

पाकळ्यांसारख्या निमुळत्या तुकड्यांचं गोल कडं, मध्ये एक चकती आणि हे सारं एका साध्या चौकोनी कापडावर बसवलेलं, असा हा नमुना. नाव जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचं आहे, तिथल्या फुलाफुलांच्या चिनी मातीच्या बशांमुळे मिळालेलं. नमुना मात्र फोफावला अमेरिकेत, १९२० आणि ३०च्या दशकांत. मंदीच्या त्या काळात पीठ आणि पशुखाद्य छापील सुती पोत्यांतून येई. बायका पोती उसवत, त्यांचे फ्रॉक शिवत आणि उरलेल्या तुकड्यांच्या पाकळ्या करत.

महाराष्ट्रातल्या बाईला यात नवल वाटू नये. जुनं लुगडं, धोतर, फाटकी चादर यांचे थर एकावर एक घालून, वर ठिगळं मांडून धावदोरा घालायचा, ही आपली वाकळ, आपली गोधडी. बाळ होणार म्हटलं की आजीच्या मऊ सुती साडीचं दुपटं आजही शिवलं जातं. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी राज्यभरातल्या गोधड्यांचा अभ्यास करून 'गोधरीज ऑफ महाराष्ट्र' हे पुस्तक लिहिलं आणि ते छापलं एका फ्रेंच प्रकाशनानं. परदेशी लोकांनी ज्याची एवढी कदर केली, ते काम इथे बहुतेक घरांत माळ्यावर पडून आहे.

तरीही गोधडी आणि ड्रेस्डेन प्लेट यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. गोधडी सांभाळून घेते. एक ठिगळ लहान पडलं तर शेजारचं मोठं लावता येतं. अनेक गोधड्यांत टाके काठापासून आत मध्याकडे फिरत जातात, आणि वाटेत आलेला कमीजास्तपणा त्यांतच जिरून जातो. ड्रेस्डेनमध्ये अशी सोय नाही. तिथे भूमितीची शिस्त आहे.

वर्तुळाचे ३६० अंश. पाकळ्या २० घेतल्या तर प्रत्येकीला १८ अंश. परदेशात यासाठी प्लास्टिकची खास पट्टी मिळते. डोंबिवलीत मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि जुन्या एक्स-रेची फिल्म पुरते. फिल्मवर १८ अंशांची पाकळी आखून कापली की साचा तयार. कापडाच्या पट्टीवर साचा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवत गेलं की तुकडा वाया जात नाही. रुंद टोक सुलट बाजू आत घेऊन मधोमध दुमडायचं, आडवी शिवण मारायची, कोपरा छाटून उलटवायचं. पाकळीला नेटकं टोक येतं, आणि ते पाहताना पहिल्यांदा करणारीचा चेहरा खुलतो.

खरी मौज पाकळ्या जोडण्यात आहे. बाजूंना पाव इंच मार्जिन सोडलेलं असतं. समजा, हात सैल पडला आणि प्रत्येक जोडात एक मिलिमीटर कापड जास्त गेलं. एकूण वीस मिलिमीटर गेले, आता थाळी फुगणार, असं वाटतं. पण शिवण सरळ आणि समांतर असेल तर थाळी सपाटच राहते. पाकळ्यांचा कोन बदललेला नसतो. त्या फक्त मध्याकडे सरकतात आणि मधलं भोक जेमतेम तीन मिलिमीटरनं सगळीकडून आवळतं. चकतीखाली ते झाकून जातं.

घात होतो तिरप्या शिवणीनं. पाच इंची पाकळीच्या बाहेरच्या टोकाला तोच एक मिलिमीटर जास्त गेला आणि आतल्या टोकाला गेला नाही, तर दर जोडाला जवळपास अर्धा अंश हरवतो. वीस जोडांत नऊ अंश. उरतात ३५१, आणि थाळीची वाटी होते. उलट चूक झाली तर कडेला चुण्या पडतात. इस्त्रीनं यातलं काहीही बसत नाही. म्हणून जाणती बाई सगळं कडं एका दमात जोडत नाही. पाच पाकळ्या झाल्या की त्या वहीच्या कोपऱ्याला लावून पाहते, कारण पाच गुणिले अठरा म्हणजे काटकोन. दहा झाल्या की कड सरळ रेषेत येते का हे पट्टीनं तपासते. चूक तिथेच सापडते आणि दोन शिवणी उसवून सुधारते. या कामाला हाताच्या सफाईइतकाच हा संयम लागतो, आणि तो शिकता येतो.

पुढचं काम ओळखीचं आहे. चौकोनी कापड दुमडून इस्त्रीनं मध्य काढायचा, थाळी टाचायची, कडेनं तुरपाई करायची. चकतीसाठी पुठ्ठ्याचा गोल कापून त्यावर कापड दोऱ्यानं आवळलं की काठ गुळगुळीत येतो. वीस इंचांचे बारा चौकोन जोडले की ६० बाय ८० इंचांची, एका माणसाला पांघरायला पुरेल अशी गोधडी होते. तिला पाकळ्या लागतात २४०, आणि खालच्या चौकोनांना ४४ इंच पन्ह्याचं सुमारे सव्वातीन मीटर कापड.

अडचणी इथून सुरू होतात आणि त्या लहान नाहीत. पहिली कापडाची. शिंप्याकडच्या कात्रणांत आज निखळ सुती तुकडा शोधावा लागतो. पॉलिएस्टर, क्रेप, ताणणारं होजिअरी कापड यांवर अठरा अंश टिकत नाहीत; पाकळी कापतानाच सरकते आणि इस्त्रीखाली आकसते. रोज सुती साडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, तशी आतल्या थराला लागणारी जुनी मऊ साडीही घराघरांतून कमी झाली.

दुसरी अडचण रंगाची. लाल, निळीचे, ठशांच्या छपाईचे तुकडे धुताना रंग सोडतात आणि खालचं पांढरं कापड कायमचं डागाळतं. त्यामुळे प्रत्येक तुकडा आधी धुऊन घ्यावाच लागतो. तिसरी जागेची. थर ताणून टाचायला सलग मोकळी फरशी लागते, आणि वन रूम किचनमध्ये ती मिळते सगळे बाहेर गेल्यावरच. चौथी हवेची. परदेशी पद्धतीनं आत जाड फायबर भरलं तर ठाण्याच्या दमट उकाड्यात ते अंगावर घेववत नाही आणि जून ते सप्टेंबर वाळतही नाही. इथे जुन्या साडीचे दोन थरच योग्य.

सर्वांत मोठी अडचण मोलाची आहे. बाजारात यंत्रावर शिवलेली रजई इतक्या स्वस्तात मिळते की २४० पाकळ्यांच्या हातकामाची खरी किंमत सांगायला बाई कचरते. 'घरबसल्या वेळ जातो' या शब्दांत तिच्या कौशल्याची बोळवण होते. हा अन्याय आहे. कोन जुळवणं, कापडाचा पोत ओळखणं आणि रंगांचा तोल साधणं हे कसबी कारागिराचं काम आहे, आणि त्याचा मोबदलाही तसाच हवा.

ही कला आपल्याकडे रुजावी असं वाटत असेल तर सुरुवात सोपी आहे. ब्लाउज शिवायला टाकताना सुती कात्रणं परत मागून घ्या. ती धुऊन, वाळवून एका पिशवीत साठवा. आईची, सासूबाईंची जुनी सुती साडी भांड्यांच्या बदल्यात देऊ नका. गोधडी विकत घेत असाल तर घासाघीस करू नका. आणि पहिल्यांदा करून पाहणार असाल तर बारा थाळ्यांचा घाट घालू नका. एकच थाळी करा, उशीच्या अभ्र्यापुरती, आणि पाच पाकळ्या जोडून झाल्या की काटकोन नक्की तपासा.