नराविना नांदणारे वंश

वंश चालावयाचा तर नर आणि मादी दोन्ही हवीत, हे आपण इतके गृहीत धरले आहे की, नर हवा कशासाठी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रश्न वरवर पोरकट. पण त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे. ते शोधण्यासाठी आम्ही सरड्यांकडे वळणार आहोत.

१९५८ साली इल्या दारेव्हस्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाने आर्मेनियाच्या डोंगरांतील काही सरड्यांविषयी एक नवल जाहीर केले. त्यांच्यात माद्या नरावाचून अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निपजतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको, ॲरिझोना या रुक्ष मुलखांत चाबकासारख्या शेपटीचे सरडे आहेत. त्यांतही केवळ माद्यांच्या अनेक जाती आहेत.

या जाती आल्या कोठून? संकरातून. दोन निराळ्या जातींचे नर-मादी एकत्र आले आणि त्यांच्या लेकीने पुढे नराचा नाद सोडला. तिच्या पेशीत आईकडील २३ व बापाकडील २३, अशी ४६ गुणसूत्रे असतात. एरवी अंडे तयार होताना आईबापांकडील गुणसूत्रे जोडीने जवळ येतात, आपले तुकडे एकमेकांशी बदलतात आणि मग संख्या निम्मी होते. उरलेला वाटा नर आणतो. या सरड्यांत मात्र विभाजनापूर्वीच ४६ ची ९२ होतात आणि प्रत्येक गुणसूत्र स्वतःच्याच प्रतीशी जोडी जमविते, असे २०१० मध्ये दिसून आले. अदलाबदल झाली तरी नवे काही हाती येत नाही. दोन घराण्यांची ठेव न मोडता लेकीला मिळते.

अशा मादीचा पुन्हा एखाद्या नराशी संग घडला, तर त्या ४६ मध्ये नराची २३ मिळून ६९ होतात. तीन संचांच्या अशा जातीही तेथे नांदत आहेत. प्रयोगशाळेत चार संचांचा वंश निपजल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग नर हवाच कशाला? खरी मेख येथेच आहे. गुणसूत्रांची नक्कल होताना चुका पडतात. नरमादीच्या वंशात दर पिढीला पत्ते पिसले जातात. एका अपत्याच्या वाट्याला वाईट पाने आली, तरी दुसरे त्यांतून सुटते. निव्वळ नकलेवर चालणाऱ्या वंशात जुनी चूक सहसा सुटत नाही, तिच्यावर नवी चढते. हर्मन मुलर यांनी १९६४ मध्ये या क्रियेला एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाची उपमा दिली. म्हणूनच असे वंश जीवसृष्टीच्या वृक्षावर बहुधा कोवळ्या डहाळ्याच असतात. जुनी खोडे त्यांत क्वचित.

तरी त्यांना करंटे म्हणू नये. आपल्या कुंडीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा बिनविषारी साप पाहा. त्याचीही सारी प्रजा माद्यांचीच. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पसरला. नवी वसाहत करावयास त्याची एकच मादी पुरते.

तेव्हा संतती होण्यास नर अपरिहार्य नाही. परंतु पडलेल्या चुका निस्तरावयास दुसऱ्याशी देवाणघेवाण हवी, आणि नराचे खरे प्रयोजन, आमच्या मते, हेच होय.