बायोसला विचारायचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, शिवाय मान्य प्रोसेसरांच्या यादीत आपला प्रोसेसर असावा लागतो. त्यामुळे कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क असे सगळे धडधाकट असलेले कितीतरी संगणक एका दिवसात जुने ठरले. अशा मशीनवर लिनक्स घालणे हा सरळ, बिनखर्चाचा आणि बहुतेक वेळा यशस्वी होणारा मार्ग आहे. पण काही मशीन पहिल्याच पायरीवर अडतात. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होतो, बोधचिन्ह दिसते, त्याखालचे ठिपके दोन-चार फेऱ्या मारतात आणि थांबतात. माउस हलत नाही. पाच मिनिटे, दहा मिनिटे वाट पाहून माणूस पॉवरचे बटण दाबून धरतो. मग कोणीतरी जाणता सल्ला देतो की बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद कर, फास्ट बूट बंद कर, सीएसएम चालू कर, व्हर्च्युअलायझेशन बंद कर आणि पुन्हा बघ. कधी कधी याने काम होतेही. तरीही हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. बायोसमधले प्रत्येक सेटिंग हा मशीनला विचारलेला एक प्रश्न असतो. पाच प्रश्न एकाच दमात विचारले, तर आलेले उत्तर कशाचे होते ते कधीच कळत नाही.

हे पटण्यासाठी मशीन नेमके कोणत्या सांध्यावर अडते ते पाहावे लागेल. बायोस आणि त्याच्या जागी आलेले यूईएफआय यांचे काम संगणक जागा करून ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देण्यापुरते आहे, असा समज आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळात तो बऱ्याच अंशी खराही होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणले आणि चित्र पालटले. तेव्हापासून मदरबोर्ड बनवणारी कंपनी बायोससोबत काही तक्तेही देते. त्या तक्त्यांत माहितीबरोबर छोटे छोटे प्रोग्रॅमही असतात. बॅटरी कशी वाचायची, पंखा केव्हा फिरवायचा, ग्राफिक्स चिपची वीज कशी तोडायची आणि परत कशी जोडायची, हे त्यांत लिहिलेले असते, आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ते जसेच्या तसे चालवावे लागतात. हे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस ते बहुतेक वेळा विंडोजवर तपासून पाहतो आणि तिथे चालले की काम संपले असे मानतो. सुरुवातीला दिसणारे बरेचसे हँग या सांध्यावरचे असतात. लिनक्स मानकाप्रमाणे विचारते, बायोस सवयीप्रमाणे उत्तर देतो, आणि दोघांत गाठ पडत नाही.

म्हणून बायोसला हात लावण्याआधी मशीन कुठे थांबले ते पाहायला हवे. ते लपवायचे काम सुंदर बोधचिन्हाचा पडदा करतो. पेनड्राइव्हच्या पहिल्या यादीत, म्हणजे ग्रबच्या मेनूत, ‘ई’ हे बटण दाबले की सुरू होण्याची आज्ञा संपादित करता येते. तिच्या शेवटाकडे बहुधा ‘क्वायट स्प्लॅश’ हे दोन शब्द असतात. ते पुसून पुढे गेले की बोधचिन्हाऐवजी काळ्या पडद्यावर ओळींचा धबधबा दिसतो, आणि मशीन अडले की धबधबाही थांबतो. त्या शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढावा. शेवटची ओळ नेहमीच गुन्हेगार नसते, पण गल्ली कोणती ते ती सांगते. दुसरी खूण कॅप्स लॉकच्या दिव्याची. पडदा गोठला असताना ते बटण दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल जिवंत आहे आणि फक्त चित्र मेले आहे. तेव्हा संशय ग्राफिक्सवर घ्यावा. दिवा ढिम्म असेल, तर सगळे मशीन जागच्या जागी अडकले आहे. लॅपटॉपवर हा दिवा आपणहून लुकलुकू लागला, तर कर्नलने स्वतःच हार मानली आहे. या तीन अवस्थांचे उपाय तीन वेगळ्या दिशांना जातात, आणि ‘सगळे बंद कर’ या सल्ल्यात तिन्ही एकाच पोत्यात भरल्या जातात.

इथे नेहमीचा आक्षेप येतो की याच मशीनवर विंडोज सुरळीत चालते, म्हणजे मशीन ठीक आणि दोष लिनक्सचा. हा आक्षेप २०१९ मधल्या एका घटनेशी ताडून पाहावा. त्या वर्षी जुलैमध्ये एएमडीचे रायझन ३००० मालिकेतले प्रोसेसर बाजारात आले, आणि उबुंटू १९.०४ सारखी तेव्हाची नवी लिनक्स वितरणे त्यांच्यावर सुरूच होईनात. जुनी वितरणे मात्र चालत होती. शोध घेतल्यावर कारण सापडले. प्रोसेसरमध्ये यादृच्छिक, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही असा आकडा देणारी एक आज्ञा असते. ती दर वेळी एकच आकडा देत होती आणि वर काम यशस्वी झाल्याचेही कळवत होती. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टीमडीच्या नव्या आवृत्त्या त्या आज्ञेवर विसंबून होत्या, म्हणून त्या अडल्या. आणि विंडोज? विंडोज सुरू होत होते, पण त्यावर ‘डेस्टिनी २’ हा खेळ सुरू होत नव्हता. एएमडीने मदरबोर्ड कंपन्यांना दिलेल्या बायोस सुधारणेने खेळही चालू लागला आणि लिनक्सही. दोष दोघांच्या खालच्या थरात होता. लिनक्सने त्या भागाला लवकर हात लावला आणि विंडोजने उशिरा, एवढाच फरक. या घटनेतून कामाचा क्रमही निघतो. कोणतेही सेटिंग बदलण्याआधी बायोसची आवृत्ती आणि तारीख पाहावी, आणि कंपनीने नवी आवृत्ती दिली असेल तर ती आधी घालावी. रायझन ३००० च्या त्या खरेदीदाराने सिक्युअर बूट शंभर वेळा चालू-बंद केले असते, तरी काही फरक पडला नसता.

याच एएमडीची पहिली रायझन पिढी २०१७ मध्ये आली, तिची तक्रार वेगळी होती, आणि बायोसचे सेटिंग खरोखर कामी कसे येते हे तिच्यावरून सर्वांत चांगले समजते. ही मशीन भरपूर काम असताना तासन्‌तास चालत आणि काहीच काम नसताना गोठत. ऐकायला उफराटे वाटते, पण कारण सरळ आहे. प्रोसेसरला काम नसले की त्याचे गाभे टप्प्याटप्प्याने झोपतात. या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात, आणि त्यांतल्या सी-६ या गाढ झोपेत वीज जवळजवळ तुटते. काही मशीन त्या झोपेतून उठत नव्हती. नंतरच्या बायोस आवृत्त्यांत ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाचे एक सेटिंग आले. बहुतेक मदरबोर्डांवर ते प्रगत पर्यायांच्या तीन-चार पायऱ्या खाली, ‘एएमडी सीबीएस’ या यादीच्या पोटात दडलेले असते. ते ‘ऑटो’वरून ‘टिपिकल करंट आयडल’वर आणले, की रिकाम्या वेळीही प्रोसेसर थोडी वीज ओढत राहतो आणि अनेकांचे गोठणे थांबते. इंटेलच्या बे-ट्रेल मालिकेतल्या स्वस्त लॅपटॉपांतही झोपेचाच घोटाळा होता. तिथे बायोसमध्ये पर्याय नसला, तर कर्नलला सुरुवातीलाच ‘पहिल्या पायरीच्या खाली झोपू देऊ नकोस’ असे सांगावे लागे. दोन्हीकडे निदानाचा धागा एकच, मशीन कामात अडते की विसाव्यात? इन्स्टॉलर फायली उतरवत असताना अडला तर मेमरी, डिस्क किंवा पेनड्राइव्ह तपासावा. मेमरीला तिच्या मूळ वेगापेक्षा पळवणारा एक्सएमपी हा पर्याय चालू असेल, तर तो बंद करून पाहावा. इन्स्टॉलर तुमच्या उत्तराची वाट पाहत असताना अडला, तर झोपेवर संशय घ्यावा. प्रश्न नेमका असला की एका सेटिंगात उत्तर मिळते.

ग्राफिक्सच्या अडचणींत बायोसची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. एसीपीआयचे प्रोग्रॅम कर्नलला विचारतात, तू कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहेस? मानकाने त्यांना तशी सोय दिली आहे. ‘मी लिनक्स’ असे उत्तर दिले तर अनेक मशीनवर कधीच न तपासलेली वाट पकडली जाई, म्हणून २००७ च्या सुमारास, २.६.२३ या आवृत्तीपासून, कर्नलने त्या नावाला होकार देणे बंद केले. विंडोजच्या आवृत्त्यांची नावे घेतली की तो होकार देतो. याला कोणी लबाडी म्हणेल, मला ती नाइलाजाने केलेली समंजस तडजोड वाटते. तरीही दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपांत नव्या विंडोजसाठी लिहिलेली वाट घातकच ठरते. एनव्हिडियाची चिप वीज वाचवण्यासाठी बंद होते आणि परत चालू होत नाही. मग इन्स्टॉलर जोडलेल्या उपकरणांची यादी करायला गेला की पूर्ण मशीन अडकते. अशा वेळी बायोसमध्ये ग्राफिक्सच्या निवडीचा पर्याय असेल, तर एकच चिप ठेवून पाहावे. नसेल, तर विंडोज ७ असल्याचेच सांगण्याचा निरोप ग्रबमधून कर्नलला देता येतो. आणि फक्त चित्र गेलेले असेल, तर ‘नोमोडसेट’ हा एक शब्द आज्ञेत घालून इन्स्टॉलेशन पुरे करावे आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नंतर बसवावा. त्यासाठी बायोस उघडायचेही कारण नाही.

आता सिक्युअर बूट. सगळ्या सल्ल्यांत याचे नाव पहिले येते आणि गोठण्याशी याचा संबंध सर्वांत कमी असतो. ही सोय सहीची तपासणी करते. सही पटली नाही, तर ती स्पष्ट संदेश देऊन मशीनला पुढे जाऊ देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेनंतर शेजारचे लिनक्स सुरू होईना, तेव्हाही पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचे लिहून येत होते. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम हा छोटा प्रोग्रॅम असतोच. म्हणजे अर्ध्या वाटेवर, काहीही न सांगता मशीन गोठले असेल, तर सिक्युअर बूट हा बहुतेक वेळा संशयित नसतोच. तो बंद करण्याचे दुष्परिणाम मात्र खरे आहेत. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर पुढच्या वेळी ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि अनेकांना अशी काही चावी असते हेच तेव्हा पहिल्यांदा कळते. डिस्कच्या सेटिंगचेही तसेच. लेनोव्होच्या योगा ९०० या लॅपटॉपच्या एका प्रकारात २०१६ मध्ये डिस्क रेड पद्धतीमागे लपलेली होती, लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नव्हती आणि बायोसमध्ये एएचसीआय निवडायचा पर्यायही नव्हता. तक्रारी वाढल्यावर कंपनीने लिनक्ससाठी वेगळा बायोस दिला. इतर मशीनवर हा पर्याय असतो आणि तो बदलला की डिस्क दिसते, पण आधीची तयारी नसेल तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. आणि ‘बंद करा’ हा मंत्र सरसकट तरी कुठे लागू पडतो? एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरांच्या काळातल्या काही मदरबोर्डांवर आयओएमएमयू हे सेटिंग मुळात बंद असायचे, आणि ते चालू केल्याशिवाय लिनक्समध्ये यूएसबी आणि नेटवर्क नीट चालत नसत.

लिनक्सची बाजू घेताना त्याच्या चुका झाकणे बरोबर नाही. २०१७ च्या डिसेंबरात उबुंटू १७.१० चे डाउनलोड मागे घ्यावे लागले, कारण त्यातल्या एका इंटेल ड्रायव्हरमुळे अनेक लॅपटॉपांचा, विशेषतः लेनोव्होच्या, बायोसच बिघडत होता. सेटिंग जतन होत नव्हती, काही मशीन यूएसबीवरून सुरू होत नव्हती. दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये आली. ही चूक बायोसची नव्हती. पण २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप उबुंटू सुरू करताच कायमचे बंद पडले, तेव्हाही आधी सगळा दोष लिनक्सच्या ड्रायव्हरवर आला होता. नंतर मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिले, की बायोसच्या साठवणीत ठरावीक मर्यादेपलीकडे लिहिले तर विंडोजमधूनही तेच घडवता येते. दोष कोणाचा हे आधी ठरवून शोधाला निघाले तर अशी पुढची पायरी हुकते.

राहिला शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. सामान्य माणसाने हे सगळे का शिकावे? ज्याला फक्त बँकेचे काम करायचे आहे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे, त्याने सी-स्टेट कशाला ओळखावी? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर कंपन्यांनी द्यायला हवे. रिचर्ड ह्यूज यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या एलव्हीएफएस या सेवेमुळे डेल, लेनोव्हो यांच्यासारख्या कंपन्यांचे बायोस आता लिनक्समधून, इतर सुधारणांबरोबरच, घालता येतात. नव्या मशीनसाठी हा प्रश्न त्यामुळे हलका होत चालला आहे. पण आज लिनक्सकडे येणारे बरेचसे संगणक नवे नाहीत. २०१४-१६ मधल्या त्या लॅपटॉपांसाठी नवा बायोस बहुधा निघणारच नाही. जो आहे त्याच्याशीच जमवून घ्यावे लागणार, आणि ते काम घरातला, शाळेतला किंवा दुरुस्तीच्या दुकानातला कोणीतरी एक माणूस करणार. त्याने सुरू करण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. एका वेळी एकच सेटिंग बदलावे, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, आणि फरक पडला नाही तर ते सेटिंग होते तसे करूनच पुढच्याकडे जावे. अखेर चाललेले सेटिंग आणि ग्रबमध्ये घातलेला शब्द, हे दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपच्या पोटाला चिकटवावी. बायोसची बॅटरी संपून सगळी सेटिंग मूळ जागी गेली, तर पुढच्या माणसाला हाताशी तेवढीच चिठ्ठी असेल.