निरपराध बुडबुडा

भट्टी उघडल्यावर आत मूर्तीऐवजी खापऱ्यांचा ढीग दिसला, की त्याचा दोष मातीत राहून गेलेल्या हवेच्या बुडबुड्यावर टाकून मोकळे होण्याचा जो प्रघात कलावर्गांतून आणि हौशी मंडळींच्या कार्यशाळांतून रुजला आहे, त्याला शास्त्राचा तिळमात्र आधार नाही; तरीही शिक्षक तो सांगतात, विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, आणि खरा अपराधी, म्हणजे पाणी, प्रत्येक खेपेस निर्दोष सुटतो.

थोडा हिशेब करावा. कोंडलेली हवा ३० अंशांपासून ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तरी तिचा दाब जेमतेम तिप्पट होतो. आणि वाळलेली माती असंख्य सूक्ष्म रंध्रांनी व्यापलेली असल्यामुळे तेवढाही साचून राहत नाही. पाण्याचा प्रकार निराळा. १०० अंशांस त्याची वाफ होताना मूळच्या सुमारे १,६०० पट जागा तिला लागते, आणि जाड भिंतीच्या गाभ्यात ओल शिल्लक असताना कोणी उतावीळपणे जाळ वाढवला, तर निसटण्याची सवड न मिळालेली ही वाफ भिंतच फोडून बाहेर पडते. ज्यास संशय असेल त्याने एक पोकळ पण खडखडीत वाळलेला आणि दुसरा भरीव पण ओलसर, असे दोन गोळे एकाच भट्टीत घालून खातरजमा करून घ्यावी. जुना दाखला हवा असल्यास, मोहेंजोदडोच्या उत्खननाचा जो अहवाल सर जॉन मार्शल यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला, त्यात भाजक्या मातीचे पोकळ खुळखुळे नमूद आहेत. पोटात खडे आणि हवा घेऊन ते आगीतून धड निघाले. मग आमच्या कार्यशाळेतला वाटाण्याएवढा बुडबुडाच तेवढा स्फोटक कसा?

यावर, तर मग माती मळायची तरी कशाला, असा प्रश्न हमखास येतो. मळल्याने ओल सर्वत्र सारखी होते आणि चाकावर भांड्याची भिंत डगमगत नाही, म्हणून मळायची. मोठी मूर्ती आतून पोकरावी हा सल्लाही रास्तच, पण त्याचे कारण हे, की पातळ भिंत लवकर आणि सारखी वाळते. ती वाळली की नाही, हे गालाला लावून पाहावे. गार लागल्यास ओल आहे. शिवाय मातीच्या कणांशी रासायनिकरीत्या बद्ध असलेले पाणी ४५० ते ६०० अंशांच्या सुमारास सुटते. सबब तेथवर जाळ सावकाशच वाढवावा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. उन्हात कितीही कडक वाळली तरी माती पक्की होत नाही, पाण्यात विरघळतेच. प्लास्टर ऑफ पॅरिस ही माती नव्हे, भाजून दळलेले जिप्सम होय. तेलात मळलेली रंगीत खेळण्याची माती भट्टीत घालू नये, ती वितळेल. शेतातली काळी माती चिकट म्हणून मूर्तीला उत्तम, असे मानणाऱ्याने वैशाखातल्या शेताच्या भेगा पाहाव्यात. आणि भट्टीतून अखंड निघालेल्या भांड्याचा टवका काही दिवसांनी आपोआप उडतो, तेव्हाही बुडबुड्याकडेच बोट दाखवणारे भेटतात, हा तर कहर झाला! तेथे कसूर चुनखडीच्या खड्याचा असतो: भाजताना त्याची कळी होते, ती हवेतली ओल शोषून फुगते आणि वरचा पापुद्रा ढकलून देते. माती कालवून बारीक चाळणीतून गाळून घेतली, की ही तक्रार बहुतेक मिटते.