कात्रजचा नळ

स्वारगेटला मेट्रोत बसलो की नातू खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बोट दाखवून विचारतो, "आजोबा, आता नदीखाली आलो का?" सिव्हिल कोर्टाचं स्थानक जमिनीखाली 33 मीटरवर आहे. 2024 च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतचा हा टप्पा सुरू झाला तेव्हा मीही हौसेने जाऊन आलो. काम उत्तमच आहे. पण याच पेठांच्या पोटात पावणेतीनशे वर्षांचं एक भुयार आहे, आणि मला कोणी पुण्यातलं सगळ्यात मोठं इंजिनिअरिंग विचारलं, तर मी त्याचंच नाव घेईन.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यातली. 1986 साली सदाशिव पेठेत नवी लाइन टाकताना कुदळ दगडावर ठण्णकन वाजली. आमचे मुकादम जुने, म्हणाले, "साहेब, थांबा. हा कात्रजचा नळ." फरशी सरकवली तर खाली घडीव दगडाची भिंत, आणि तळाशी चक्क वाहतं पाणी. त्या दिवशी मी चहाही न घेता तासभर खड्ड्याच्या काठावर बसून होतो.

नळ म्हणजे तोटी नव्हे, हे आता सांगावं लागतं. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला बांध घालून तलाव केले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत, साधारण आठ किलोमीटर, जमिनीखालून दगडी पाट आणला. तलाव दोन, कारण वरच्यात गाळ बसावा आणि खालच्यात निवळ पाणी यावं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. हे बुरुजासारखे चौकोनी खांब. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडते, आणि आत काही अडलं तर ते कुठे, हेही कळतं. पुढे काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशा हौदांतून पेठांना पाणी. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजंही उडायचं ते पंपाने नाही, उंचावरून आलेल्या पाण्याच्या दाबाने.

खरी करामत उताराची. उतार जास्त झाला तर पाणी चुना खरवडून नेतं, कमी पडला तर गाळ बसून नळ बुजतो. आम्ही डम्पी लेव्हल लावून, समोर स्टाफ धरलेल्या माणसावर ओरडून ओरडून शंभर मीटरचा उतार धरायचो, तरी चुकायचो. त्यांनी ओढे, टेकाडं सांभाळत आठ किलोमीटर धरला.

पाणी हौदापर्यंत आलं. घागरीपर्यंत सगळ्यांच्या आलं नाही. तिथे आडवी आली ती जात. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणीपुरवठ्याच्या इतिहासात ही नोंद धरणाइतकीच मोठ्या अक्षरात हवी, असं मला वाटतं.

पुढे शहर वाढलं, कात्रज पुरेना. 1879 मध्ये खडकवासल्याचं दगडी धरण झालं. कर्नल फाइफ यांच्यावरून तलावाला लेक फाइफ म्हणत. तिथल्या चौपाटीवर कणीस खाणाऱ्यांना हे नाव आता कोण सांगणार! पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी फुकट जायचं. भिंत न वाढवता ते धरायचं कसं? पुण्याच्याच सायन्स कॉलेजात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. पातळी ठरल्यापेक्षा वर गेली की पाण्याच्याच जोरावर दार उघडायचं आणि पातळी उतरली की मिटायचं. मध्यरात्री पावसात कोणाला उठवायला नको. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्राला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही हीच कल्पना गेली.

आणि मग 12 जुलै 1961. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली; सकाळी धरण गेलं आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही फुटलं. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या वाड्याच्या जोत्याला पाणी टेकलं आणि थांबलं. दोन गल्ल्या खाली वाडेच उरले नाहीत. पूर ओसरल्यावर नळ कोरडे. आई शेजारणींबरोबर रांगेत उभी राहून आडाचं पाणी शेंदायची. आड कसला बुजवायचा, असं ती पुढे कायम म्हणायची. बुजवलाच शेवटी, मीच, स्कूटर लावायला.

आज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून 29 टीएमसीच्या आसपास साठा होतो. त्याचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत.

मी निवृत्त झाल्यापासून उच्छ्वास शोधत हिंडतो. गेल्या महिन्यात सातारा रस्त्याच्या आतल्या बाजूला एक सापडला. पेरूवाल्याने ताडपत्रीची दोरी त्यालाच बांधलेली. विचारलं, "हे काय आहे हो?"

"कोणाची तरी समाधी असणार, काका. रोज अगरबत्ती लावतो मी."

उदबत्तीची राख खरंच होती. मी अर्धा किलो पेरू घेतले आणि जरा दगडाला कान लावून पाहिला. तो बिचारा पेरूंची पिशवी हातात धरून थांबून राहिला.