खरखरीचा माग



रेडिओ ऐकतांना मध्येंच उठणारी खरखर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आपण सेटला एक चापट मारतों, नाहींतर दुसरें स्टेशन लावतों. परंतु अतिदीर्घ लहरींवर कान लावून बसणाऱ्या हौशी मंडळींना तसें करून भागत नाहीं. जिनीव्हाच्या २००७ सालच्या जागतिक परिषदेनें त्यांना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ एवढाच चिंचोळा पट्टा दिला, आणि तोहि एक वॅट प्रक्षेपणाच्या मर्यादेंत. येथें लहरीची लांबी सुमारें २२०० मीटर. तिची चतुर्थांश उंचीची एरियल उभारावयाची म्हटली तरी साडेपांचशें मीटरांचा खांब हवा! सामान्य गृहस्थाच्या तोकड्या तारेंतून जें बाहेर पडतें तें केवळ कुजबुजीसारखें. म्हणून मोर्सचा एकेक ठिपका तीन किंवा दहा सेकंद लांबवून पाठवितात आणि पडद्यावर रेषा पाहून वाचतात.

या कुजबुजीवर आघात करणारे दोन. एक आकाशांतील वीज. ती कडाडते आणि थांबते. दुसरा घरगुती, आणि तो थांबत नाहीं. हल्लींच्या चार्जरांत व एलईडी दिव्यांत विजेचा प्रवाह सेकंदाला हजारों वेळां तोडला-जोडला जातो. ही तोडजोड ६८ हजार वेळां होत असेल, तर तिची दुप्पट बरोबर १३६ किलोहर्ट्झवर येऊन बसते.

गेल्या मार्गशीर्षांत रोज रात्रीं आठाच्या सुमारास माझ्या सेटवर अशीच एक गुरगुर उमटूं लागली. पहिला अर्धा तास ती हळूहळू सरके, मग स्थिर होई; म्हणजे तापत जाणारें कांहींतरी उपकरण. साडेअकराला बंद, पहाटे पांचाला पुन्हां सुरू. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्यावर मीं उघड संशय घेतला. तो सातालाच दुकान बंद करतो हें नंतर ध्यानांत आलें आणि खजील होऊन त्याची क्षमा मागावी लागली. खरें पाहतां सेट बॅटरीवर ठेवून स्वतःच्या घराचा मुख्य खटका प्रथम पाडावयाचा असतो. तो मागाहून पाडला, गुरगुर कायम.

मग चौकटीची एरियल घेतली. तिची कड उगमाकडे असतां आवाज मोठा, आणि सपाट बाजू उगमाकडे फिरविली कीं तो एकदम बुडतो. मोठा आवाज कोठें हें कानाला ठरवितां येत नाहीं, तो कोठें बुडतो हें मात्र चटकन् कळतें. दोन ठिकाणांहून अशा दिशा काढल्या. त्या दोन्ही मला विजेच्या खांबाकडे घेऊन गेल्या! उपद्रव तारांतून पसरतो, शिवाय या लहरींवर उगमापासून सुमारें साडेतीनशें मीटरपर्यंत दिशेचा भरंवसा नाहीं. एवढ्यांत आमची सगळी आळीच येते. तेव्हां दिशेचा नाद सोडून फेराइटच्या कांडीचा लहान सेट हातांत धरून हिंडलों. उपकरणाजवळ अंतर दुप्पट झालें कीं क्षेत्र अष्टमांश होतें, म्हणून योग्य दार आपोआप सांपडतें. तें निघालें तिसऱ्या घरचें. माडीवरच्या खिडकींत टेबलावरचा दिवा, आणि त्याखालीं दहावीची मुलगी.

पस्तीस वर्षें मुलांना दिवा लावून अभ्यासाला बसा म्हणून सांगितलें. आतां "तो मालव" कोणत्या तोंडानें सांगावयाचें? आठवडाभर गप्प राहिलों. शेवटीं फेराइटचें एक जाड कडें घेऊन गेलों. तिची आई म्हणाली, "गुरुजी, दिवा बिघडणार नाहीं ना?" मीं हमी दिली. दिव्याच्या दोन्ही तारा एकत्र धरून त्या कड्याभोंवतीं दहा वेढे घातले. जातायेतांचा प्रवाह परस्परविरुद्ध असल्यानें दिव्याला अडथळा होत नाहीं. दोन्ही तारांवरून एकाच दिशेनें निसटणारा उपद्रव तेवढा अडतो. बाजारांत मिळणारा चिमट्यासारखा एकवेढी मणी इतक्या खालच्या कंपनसंख्येवर निरुपयोगी आहे. त्यावर पैसे घालवूं नयेत.

गुरगुर गेली नाहीं, पण पडद्यावर एक बारीक रेषा होऊन राहिली. तिच्या जरा वरच्या बाजूला मीं ऐकूं लागलों. मार्चअखेर एके रात्रीं ती रेषा उमटलीच नाहीं. त्या मुलीचा धाकटा भाऊ यंदां नववींत आहे.