बारा व्होल्टची पायपेटी

पायपेटी म्हटले की जुन्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातील ऑर्गन उभा राहील. वादकाची बोटे पट्ट्यांवर फिरत आहेत आणि पाय भाता चालवीत आहेत, असे ते दृश्य. आज मी ज्या पायपेटीविषयी बोलणार आहे ती मात्र निराळी आहे. ती वीतभर लांबीची धातूची डबी असते. विजेची गिटार वाजविणारा ती पायाशी ठेवतो आणि हात तारांवरून न काढता, पायाने बटण दाबून वाद्याचा आवाज पालटवितो. अशी एक पेटी आमच्या घरी तयार झाली. ती कशी झाली, आणि ती करू द्यावी की नाही या विचारात मी किती दिवस घालविले, हे सांगावयाचे आहे.

नोकरीतील बदलीमुळे आमचे बिऱ्हाड शिलाँगला गेले. या गावाला गिटारचे मोठे वेड. बॉब डिलन या अमेरिकन गायकाचा वाढदिवस लू माजॉ हे तेथील गायक १९७२ पासून दर वर्षी २४ मे रोजी गाऊन साजरा करीत आले आहेत, यावरून त्या वेडाची कल्पना यावी. अशा गावात पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती गिटार आली नसती तरच नवल. गिटार आली, तिचा लहानसा विवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, आला, आणि एके दिवशी चिरंजीव म्हणाले, “बाबा, मला व्हॉल्व्हची पायपेटी करायची आहे. घरीच.”

व्हॉल्व्ह हा शब्द ऐकताच माझा उजवा हात आपोआप मागे आला. त्याला कारण आहे. माझ्या लहानपणी घरात आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. मी एकदा त्याची मागची पाठ काढली, वीज बंद केल्याची खात्री केली आणि आत बोट घातले. जो धक्का बसला तो आजही खांद्यापर्यंत आठवतो. वीज बंद होती हे खरे. पण अशा रेडिओच्या आत दोन-अडीचशे व्होल्टचा दाब असतो, आणि रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला कंडेन्सर म्हणतात ते धारित्र वीज बंद झाल्यावरही तो दाब काही काळ धरून ठेवते. हे मला नंतर समजले. तेव्हा मुलाला मी तात्काळ नकार दिला. मात्र नकाराचे कारण सांगता सांगता मलाच या विषयाचा अभ्यास करावा लागला, आणि अभ्यासाअंती माझा नकार टिकला नाही.

प्रथम, ही पेटी करते काय? ती आवाज बिघडविते. हे थट्टेने म्हणत नाही. तार छेडल्यावर गिटारमधून जी विद्युत्‌लहर निघते ती गोल चढउतारांची असते. विवर्धकाने ती आहे तशी मोठी करावी, ही अपेक्षा. पण त्याच्या ताकदीबाहेरची लहर त्याच्याकडे पाठविली, तर तिचे माथे त्याला पेलत नाहीत. ते दबतात, चपटे होतात. यालाच विकृती म्हणतात. अभियंत्यांनी अनेक वर्षे ही विकृती टाळण्यासाठी जिवापाड श्रम केले, आणि वादकांनी मात्र तिचाच हट्ट धरला.

त्या हट्टाचा इतिहास मनोरंजक आहे. १९५१ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारचा विवर्धक प्रवासात जायबंदी झाला होता. त्याच्या ध्वनिक्षेपकाच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगतात. त्यातून निघालेला घोगरा आवाज लोकांना आवडला. पुढे नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे मुद्रण चालू असता यंत्रणेचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज भुंग्यासारखा गुणगुणू लागला. तो तसाच ठेवला गेला, आणि १९६१ साली गाणे गाजले. ग्लेन स्नॉडी या ध्वनिअभियंत्याने मग तो बिघाड हुकमी घडवून आणणारी योजना तयार केली. १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाची पायपेटी बाजारात आली ती तिच्यातूनच. १९६४ साली डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या ध्वनिक्षेपकाचा पडदा पात्याने चिरून हवा तो आवाज मिळविला. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या मंडळींच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ गाण्यात ती फझ-टोन पेटी वाजली आणि जगभर पोहोचली.

बिघाड कानाला गोड का लागावा? याचे उत्तर मला घरातच मिळाले. माझी पत्नी शास्त्रीय संगीत शिकलेली. तिचा मिरजेचा तंबोरा आमच्याबरोबर गावोगाव फिरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली ती सुताचा एक बारीक धागा सरकविते आणि त्या धाग्याची जागा केसभर बदलली की तार एकदम बोलू लागते. यालाच जवारी म्हणतात. धाग्यामुळे तार घोडीच्या उतारावर निसटती टेकत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमटतात: दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज, तिपटीचा त्याच्याही वरचा पंचम, पाचपटीचा गंधार. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या या गुणावर शास्त्रीय लेख लिहिला होता. लहरीचे माथे दबले म्हणजेही असेच उपस्वर निर्माण होतात. दोहोंची यंत्रणा भिन्न आहे. परंतु साध्या स्वराला उपस्वरांनी भरून टाकणे हे कार्य दोहोंचे सारखे. फरक एवढाच की, विजेच्या या जवारीला एका वेळी एक स्वर किंवा षड्ज-पंचमासारखी जोडी मानवते. चार-पाच निरनिराळे स्वर एकदम दिले, तर त्यांच्या परस्पर मिश्रणातून भलतेच स्वर उपजतात आणि नुसता गोंगाट होतो.

आता व्हॉल्व्हकडे वळू. काचेच्या निर्वात नळीत मध्यभागी तापणारे ऋणाग्र असते. ते तापले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती धनाग्राचे पत्र्याचे कवच असते. त्यावर धनदाब दिला की ते इलेक्ट्रॉनांना ओढून घेते. या दोहोंमध्ये तारेची विरळ जाळी असते. जाळीवरील दाब किंचित कमीजास्त केला की प्रवाह मोठ्या प्रमाणात कमीजास्त होतो. कालव्याच्या दारावर बसलेल्या चौकीदारासारखे तिचे काम आहे. ही जाळी १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी बसविली आणि विवर्धनाचे युग सुरू झाले.

धनाग्राला ओढ जोरकस हवी म्हणून दोन-अडीचशे व्होल्ट लागतात. पण ती सक्ती आहे काय? येथे मोटारीच्या रेडिओची हकीकत उपयोगी पडते. मोटारीतील बॅटरी बारा व्होल्टची. तिच्यावरून उच्च दाब निर्माण करण्यासाठी पूर्वी रेडिओत थरथरणाऱ्या पट्टीचे एक कुरकुरे यंत्र बसवावे लागे. १९५० नंतरच्या दशकात अभियंत्यांनी बारा व्होल्टच्याच धनदाबावर चालतील असे खास व्हॉल्व्ह तयार केले. ट्रान्झिस्टर आले आणि ते व्हॉल्व्ह अल्पावधीत मागे पडले. पण अल्प दाबावर व्हॉल्व्ह काम करतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. साधा व्हॉल्व्हही बारा व्होल्टवर अर्धपोटी का होईना, चालतो. अर्धपोटी असल्यामुळे तो मोठी लहर पेलू शकत नाही, लवकर वाकतो. आणि आपल्याला तर तेच हवे आहे.

हे वाचले आणि माझा नकार गळून पडला. बारा व्होल्टचा दाब कोरड्या हाताला जाणवतही नाही.

आम्ही निवडलेला व्हॉल्व्ह १२एयू७ या नावाचा. युरोपीय पद्धतीत त्यालाच ईसीसी ८२ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्ह आणि खाली नऊ पाय. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह होत. हा प्रकार आजही स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे तयार होतो. आम्हाला तो मिळाला गावातील एका वृद्ध रेडिओ-कारागिरांकडे. मुलगा त्यांना खासी रीतीप्रमाणे ‘बाह’ म्हणतो. त्यांच्या डब्यात असे दोनच उरले होते. त्यांतला एक त्यांनी कापसात गुंडाळून मुलाच्या हातावर ठेवला. पैसे घेतले नाहीत. चालू झाला की ऐकवायला ये, एवढेच सांगितले.

आकृती दाखविता येत नाही, म्हणून जोडणी शब्दांतच सांगतो. चौथा आणि पाचवा हे तापक तंतूचे पाय. त्यांच्यात बारा व्होल्ट द्यावयाचे, नववा मोकळा ठेवावयाचा. गिटारची लहर ०·०१ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून दुसऱ्या पायाला, म्हणजे पहिल्या जाळीला; तेथून दहा लाख ओहमचा रोधक जमिनीला, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला. तिसरा पाय, ऋणाग्र, सरळ जमिनीला. पहिला पाय, धनाग्र, २ लाख २० हजार ओहमच्या रोधकातून बारा व्होल्टना. त्याच धनाग्रावरून वाढलेली लहर ०·०२२ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून पाच लाख ओहमच्या फिरत्या नियंत्रकाच्या एका टोकाला. त्याचे दुसरे टोक जमिनीला आणि मधला पाय सातव्या पायाला, म्हणजे दुसऱ्या जाळीला. आठवा पाय जमिनीला. सहावा एक लाख ओहममधून बारा व्होल्टना. आणि त्यावरून ०·१ मायक्रोफॅरडचे धारित्र, मग एक लाख ओहमचा आवाजाचा नियंत्रक आणि तेथून विवर्धकाकडे. पुरवठ्याच्या दोन टोकांत १०० मायक्रोफॅरडचे धारित्र टाकले की बरे. पहिला नियंत्रक विकृती किती हे ठरवितो, दुसरा आवाज किती हे.

यात एक गमतीचा हिशेब आहे. तापक तंतू १५० मिलिअँपियर घेतो, म्हणजे १·८ वॅट. धनाग्राच्या वाटेवरचा लाख ओहमचा रोधक ०·१२ मिलिअँपियरहून अधिक जाऊच देत नाही. म्हणजे दीड मिलिवॅटही नाही. खर्चाचा हजारपटींहून मोठा वाटा निव्वळ ऊब राखण्यात जातो. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे प्रमाण अगदीच अपरिचित वाटले नाही. मात्र यामुळेच लहान चौकोनी बॅटरी येथे चालत नाही. एकदिश प्रवाहाचा, अर्ध्या ते एक अँपियरचा, बारा व्होल्टचा तयार ॲडॉप्टर घ्यावा. त्याच्या आत २३० व्होल्ट असतात, तेव्हा तो कधीही उघडू नये. कोणते टोक धन हे मापकाने आधी पाहावे, कारण उलट जोडणीत पुरवठ्यावरील धारित्र फुटू शकते. डबी धातूची असावी आणि जमिनीला जोडावी. नाहीतर घरातील विजेची घरघर आत शिरते.

तीन रविवार डाख देण्यात गेले. चौथ्या रविवारी वीज जोडली. काचेत तांबूस ठिणगी दिसावी, ती दिसेना. मुलाचा चेहरा उतरला. बाहंनी दिलेला व्हॉल्व्ह आपण जाळला, असे त्याला वाटले, आणि तो खाली मान घालून गप्प बसला. मी कचेरीतील सवयीप्रमाणे कागद आणि वस्तू यांचा मुकाबला करावयास घेतला. तासाभराने उमगले. व्हॉल्व्हचे पाय खालून पाहताना, मोकळ्या जागेपासून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजावयाचे असतात. त्याने बैठक खालून धरली होती, पण आकडे उलट दिशेने मोजले होते. त्यामुळे चौथ्याच्या जागी सहावा आला होता आणि पहिल्याच्या जागी नववा. तापक तंतूला वीज पोहोचलीच नव्हती.

अडीचशे व्होल्टच्या यंत्रात अशा चुकीने काय काय जळाले असते, आणि ती शोधताना कोणाचे बोट कोठे लागले असते, याचा विचार मी त्या वेळी मनातल्या मनात केला. येथे काहीही जळाले नव्हते. मुलाने सर्व तारा सोडविल्या आणि पुन्हा जोडल्या. या वेळी मोजणी मोठ्याने केली. वीज दिली, अर्धा मिनिट गेले आणि काचेच्या तळाशी अंगारा फुलला.

त्याने षड्ज-पंचमाची जोडी छेडली. आवाज प्रथम गोल आला; नियंत्रक फिरविला तसा तो दाट होत गेला आणि शेवटी खरखरीत. स्वयंपाकघरातून पत्नी बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, तार बोलायला लागली की!”

हा आवाज मोठ्या व्हॉल्व्ह-विवर्धकाचा नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या विवर्धकांत शेवटचे शक्तिशाली व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांचाही वाटा असतो. बारा व्होल्टच्या पेटीत तो नाही. नुसती विकृतीच हवी असेल, तर दोन-तीन ट्रान्झिस्टरही ती करतात. फझ-टोन पेटी तीन ट्रान्झिस्टर आणि तीन व्होल्ट यांवरच चालत असे. पण ट्रान्झिस्टरच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. येथे ऊब, जाळी, पत्रा सारे काचेतून दिसते, आणि मुलाला ते समजले.

पुढच्या शनिवारी तो पेटी घेऊन बाहंकडे गेला. त्यांनी ती उलटी करून प्रत्येक डाख पाहिला, दोन ठिकाणी पुन्हा द्यावयास सांगितला आणि मग वाजविण्याची खूण केली. परत येताना मुलाच्या खिशात कापसात गुंडाळलेला दुसरा व्हॉल्व्ह होता.

ज्यांच्या घरी असा हट्ट उभा राहील त्या वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, प्रथम विजेचा दाब किती ते विचारा. तो अधिक असेल तर माझ्यासारखाच नकार द्या, आणि त्या नकारावर ठाम राहा. पण तो बारा व्होल्टचा असेल, तर मुलांना हातांनी करू द्या, चुकू द्या, आणि चूक त्यांच्याबरोबर बसून शोधा. आजोबांच्या रेडिओत मला जी सवड मिळाली नाही ती त्यांना मिळेल.