तंजावरच्या मराठी संहिता आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यापन

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय विद्यापीठीय विद्याशाखा म्हणून उभा राहिला तो १९१९ साली, वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे त्याचे पहिले अध्यासन स्थापन झाले तेव्हा. भारतात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले आणि १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. अभ्यासक्रमाचा क्रम मात्र बव्हंशी पाश्चात्त्यच राहिला. कौटिल्याच्या मंडलसिद्धान्ताला पहिल्या प्रकरणात हार घालून विद्यार्थ्याला थेट १६४८च्या वेस्टफालियाकडे नेले जाते. मधल्या दोन सहस्रकांत या देशातील राज्ये एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होती, याची चौकशी सहसा होत नाही. ती चौकशी साहित्याच्या अभ्यासकाला करता येण्याजोगी आहे, कारण तह, वंशचरित्र, शिलालेख आणि दरबारी नाटक हे प्रथमतः वाङ्मयप्रकार आहेत. प्रस्तुत लेखात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील काही संहितांच्या आधारे या मुद्द्याचे स्पष्टीकरण करावयाचे आहे.

प्रथम भूगोल लक्षात घ्यावा लागतो. १६७०च्या दशकात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतले, त्याच्या कितीतरी आधी, १६२० साली, रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कचे लोक तरंगंबाडी येथे स्थिरावले होते. नागपट्टणम १६५८ साली पोर्तुगिजांकडून डचांकडे गेले. १७३९ साली कारैकल फ्रेंचांच्या ताब्यात आले आणि १७४९ साली देवीकोट्टै इंग्रजांनी मिळविले. म्हणजे भातशेतीच्या या प्रदेशातील एखाद्या गावकऱ्याला एक-दोन दिवसांच्या वाटेवर चार युरोपीय सत्तांची निशाणे दिसत. परराष्ट्रव्यवहार ही येथे दूरच्या राजधानीतील बाब नव्हती. कालव्याचे पाणी, बंदराची जकात आणि धान्याचे भाव त्यावर अवलंबून असत. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले, १७७६ साली मद्रासचा गव्हर्नर पिगट याने ते तुळजाजीस परत दिले, आणि त्याच वर्षी पिगटला त्याच्याच कौन्सिलने कैद केले. एडमंड बर्कचा आप्त व स्नेही विल्यम बर्क हा पुढे तंजावरच्या राजाचा लंडनमधील प्रतिनिधी झाला. बर्कचे नवाबाच्या कर्जासंबंधीचे १७८५चे भाषण इंग्रजीच्या वर्गात वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकविले जाते. त्याचा एक पाय या त्रिभुज प्रदेशात आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

विद्यापीठात तंजावरचे नाव आजही हमखास उच्चारले जाते ते एकाच विषयात, आणि तो इतिहास नव्हे. ‘राज्यकृत्य’ नावाचा कायद्याचा सिद्धान्त शिकविताना १८५९चा प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय वाचावाच लागतो. राजा शिवाजी (दुसरे) १८५५ साली औरस पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि त्याबरोबर राजाची खासगी मालमत्ता, जडजवाहीर, मोकासा गावे, असे सारे जप्त केले. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला व तो जिंकला. प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. लॉर्ड किंग्जडाउन यांच्या निर्णयाचा आशय असा की, एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सार्वभौम सत्तेच्या संदर्भात केलेल्या कृत्याचा न्याय देशांतर्गत न्यायालयास करता येत नाही. ते कृत्य न्याय्य होते की अन्याय्य, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

या निर्णयातील खोच शब्दार्थाच्या अभ्यासकाने पाहावी अशी आहे. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने तंजावरच्या मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला होता; राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. छप्पन्न वर्षे ज्याला सार्वभौम म्हणून वागविले नाही, त्याला तो मेल्यावर सार्वभौम ठरविण्यात आले, कारण तसे ठरविल्याशिवाय त्याच्या विधवेचा दावा न्यायालयाबाहेर काढता येत नव्हता. ‘राज्य’ हा शब्द येथे वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, तो दार बंद करतो. स्वतंत्र भारतात संस्थानांच्या विलीनीकरणातून जे खटले उद्भवले, त्यांत हाच सिद्धान्त पुन्हा चर्चेस आला. १९६४चा वोरा फिदाली खटला विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. कामाक्षीबाईंचे नाव इंग्रजी निवाडासंग्रहांत ‘कामाची बोये साहबा’ असे छापले गेले आणि जगभरच्या वर्गांत ते तसेच उच्चारले जाते. नावाबरोबर त्यांची भाषाही हरवली.

त्या भाषेत राजघराणे स्वतःविषयी काय म्हणत होते, हे पाहिले म्हणजे चित्र बदलते. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली भोसलेवंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. ते रचले सरफोजी (दुसरे) यांच्या पदरी असलेल्या बाबूराय यांनी. ज्याच्या हाती मुलूख उरला नाही त्याने तहानंतर अवघ्या चार वर्षांत हा प्रचंड मजकूर कोरविला, ही बाब मला निर्णायक वाटते. त्याला केवळ वंशस्तुती म्हणणे पुरेसे नाही. १७८७ साली तुळजाजीने सरफोजीस दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत तो वारला. दत्तविधान अशास्त्र ठरवून अमरसिंह गादीवर बसला. पुढे पंडितांचे मत पुन्हा घेऊन १७९८ साली सरफोजीस गादी मिळाली. वारशाच्या या वादात शास्त्रार्थ, वंशावळ आणि कंपनीची मान्यता हे तिन्ही पुरावे लागत. भिंतीवरचा मजकूर हा त्या दृष्टीने एक युक्तिवाद आहे. तो ज्या न्यायालयापुढे मांडला ते मात्र मद्रासचे वा लंडनचे नव्हते. चोळांच्या देवालयात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, मराठीत आपली वंशकथा ठेवणे म्हणजे आपण या भूमीच्या राजपरंपरेत बसतो असे सांगणे होय.

दुसरी संहिता समुद्रकाठची. पट्टुकोट्टैच्या दिशेला किनाऱ्यावर सरफोजींनी बांधलेला ‘मनोरा’ उभा आहे. इंग्रजांचा विजय आणि बोनापार्टचे पतन यांची स्मृती म्हणून १८१४चा निर्देश करणारा लेख तेथे मराठीसह अनेक भाषांत आहे. त्यात राजा स्वतःला इंग्रज सरकारचा स्नेही व मित्र म्हणवितो. हा ‘मित्र’ लाचारीचा आहे असे मानून पुढे जाणे सोपे आहे. पण ‘मित्र’ हा राजनीतिशास्त्राचा पारिभाषिक शब्द आहे. मित्र होण्यासाठी आधी स्वतंत्र अंग असावे लागते, चाकर मित्र नसतो. युरोपातील युद्धाच्या निकालावर त्रिभुज प्रदेशाच्या कडेवरील मासेमारांच्या गावाजवळ मनोरा बांधून राजा आपण राष्ट्रांच्या पंक्तीत असल्याचे भासवितो की सिद्ध करतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा आहे.

तिसरी संहिता मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती नाटक आहे. सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले आहे. कुरवंजी हा तमिळ प्रकार. विरहिणी नायिका, तिचा हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरची कुरत्ती, आणि त्या कुरत्तीने गायिलेले आपल्या डोंगराचे व देशाचे वर्णन, हा त्याचा ठरलेला साचा. तिरुकुट्राल कुरवंजी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. खुद्द सरफोजींवरही ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ नाटक आहे. मराठी नाटकात साचा तोच राहतो, परंतु देशवर्णनाच्या जागी जगाचा भूगोल येतो. कुरत्ती खंडे आणि देश सांगते. भटकणाऱ्या स्त्रीला जगाचे ज्ञान असणे हे मूळ संकेतातच बसते. म्हणून नवे युरोपीय ज्ञान बाहेरचे वाटत नाही. राज्य गमावलेल्या राजाने जगाचा नकाशा गाण्यात घालून शिकवावा, याला मी राजकीय शिक्षणच म्हणेन. ज्या राजाने ‘नवविद्याकलानिधी’ शाळा चालविली आणि छापखाना काढला, त्याच्या एकूण उद्योगाशी ते सुसंगत आहे.

याच प्रदेशात हे शिक्षण पुढे कारभारात उतरलेले दिसते. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले तंजावरी मराठी टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदा येथे दिवाण झाले आणि १८८१ साली त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती इंग्रजीत झाली. कुरवंजीपासून या व्याख्यानांपर्यंत राजनीतीच्या अध्यापनाची भाषा कशी बदलली, हा तौलनिक अभ्यासाचा स्वतंत्र विषय होईल.

अडचण साधनांची आहे. तंजावर दरबाराचे मोडी कागद विपुल आहेत आणि तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. पण मोडी वाचणारा राज्यशास्त्राचा विद्यार्थी मिळत नाही, आणि मराठी विभागात तह व निवाडे वाङ्मयाबाहेरचे मानले जातात. परिणामी कामाक्षीबाईंचा खटला कायद्याच्या वर्गात इंग्रजीतून, शिलालेख इतिहासात, आणि नाटक कोठेच नाही, अशी वाटणी झाली आहे. खटल्याचा शेवटही त्यामुळे कित्येकांना ठाऊक नसतो. प्रिव्ही कौन्सिलने हक्क नाकारल्यानंतर १८६२ साली सरकारने राजाची स्थावर मालमत्ता कृपा म्हणून वारसांना परत दिली, आणि ती गावे कोणाच्या वाट्याला यावीत याबद्दल राण्यांचे आपापसांतील दावे मद्रासच्या न्यायालयात सुरू झाले. आता पक्षकार राष्ट्रे नव्हती, त्यामुळे न्यायालयाला ते दावे ऐकता आले.